उद्याकाकांनी अंगठा दाखवला

दुकानात लहानमोठी मिळून दीडेकशे घड्याळं होती आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एकात पावणेअकरा, शेजारच्यात सव्वाचार, तिसरं कधीचं बारावर अडून बसलेलं. या गोतावळ्याचे मालक मात्र वेळेच्या बाबतीत एकवचनी होते. कुणी, कधीही, कुठल्याही घड्याळाबद्दल विचारलं तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "उद्या या."

त्यामुळे सगळी गल्ली त्यांना उद्याकाका म्हणे. गिऱ्हाईक विचारायचं, "उद्या नक्की ना?" काका डोळ्याला लावलेलं भिंग न काढता म्हणायचे, "नक्की." ते खोटं बोलत नसत हो. त्यांच्या हिशेबी काम झालं की तो उद्या, आणि काम होत नाही तोवर आजच.

या काकांचा उजवा अंगठा म्हणजे त्यांचं अर्धं दुकान. जुन्या घड्याळांचं मागचं झाकण नुसतं दाबून बसवलेलं असतं. कडेला केसाएवढी फट असते, तिच्यात काहीतरी घालून ते उचलावं लागतं. बाकीचे घड्याळजी त्यासाठी बोथट सुरी वापरतात. काकांच्या गुरूंनी त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं की घड्याळाच्या पाठीवर ओरखडा उठला तर तो तुझ्या गालावर उठला असं समज. तेव्हापासून काकांनी सुरीला हात लावला नव्हता. अंगठ्याचं नख फटीत घालायचं, मनगटाला एक हिसका द्यायचा, टक्. पस्तीस वर्षं त्या 'टक्'वर घर चाललं होतं.

आणि आता तेच नख दगा देत होतं. आधी सगळ्या नखांवर बारीक खड्डे पडले, शेजारच्या शिंप्याच्या बोटातल्या टोपीवर, अंगुस्तानावर असतात तसे. मग नखांखाली पिवळट डाग दिसू लागले, आत तेलाचा थेंब सांडल्यासारखे. अंगठ्याचं नख तर टोकाकडून मांसापासून सुटलं. त्या पोकळीत घड्याळातला मळ जाऊन बसे आणि काका तो चिमट्याच्या अणकुचीदार टोकाने कोरून काढत. स्वच्छतेची आवड त्यांना पहिल्यापासून होती, फक्त ती नको तिथे होती.

औषधाच्या दुकानदाराने नखांकडे लांबूनच बघून "बुरशी" असं जाहीर केलं आणि एक मलम दिलं. चार महिने लावून काडीचा फरक पडला नाही. मग काकूंचे प्रयोग झाले. लिंबू झालं, खोबरेल झालं, आठवडाभर कसलासा पाला बांधून झाला. त्या आठवड्यात काकांच्या हाताला असा वास सुटला की मांजरही त्यांच्या खुर्चीजवळ फिरकेना.

एके दिवशी एक बाई घड्याळ घेऊन आल्या. नेहमीप्रमाणे काकांनी हात पुढे केला. बाईंनी हाताकडे पाहिलं, घड्याळ टेबलावर ठेवलं आणि एका बोटाने ते काकांकडे सरकवलं. एवढंच. बोलल्या काही नाहीत, उलट हसल्याच. पण काकांना ते फार लागलं. त्या दिवसापासून त्यांचे हात टेबलाखाली गेले, आणि मनात एकच धाकधूक बसली की हे नख गेलं तर दुकान गेलं.

"जेवताना एक हात खिशात घालून बसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय," काकू एका दुपारी म्हणाल्या. "उठा. त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं."

"उद्या जाऊ."

"चपला घाला."

दवाखाना एका घराच्या पुढच्या खोलीत होता. मागे पडदा, पडद्यामागे घर. नंबराची वाट बघताना आतून एका म्हातारीचा आवाज सारखा येत होता, "चारशे बारा, चारशे तेरा, चारशे चौदा..." काकांना वाटलं, कुणीतरी गोळ्या मोजत असावं. औषधांचा साठा बराच दिसतोय म्हणून त्यांना बरं वाटलं.

डॉक्टरबाई पंचेचाळिशीच्या होत्या आणि त्यांच्या बोलण्यात फाफटपसारा नव्हता.

"कधीपासून आहे?"

"झालं असेल दीडेक वर्ष."

"आणि दाखवायला आज आलात?"

"उद्याच येणार होतो," काका म्हणाले, "हिने आजच आणलं."

बाईंनी भिंग काढून एकेक नख पाहिलं. आयुष्यभर भिंगाच्या या बाजूला बसलेले काका पहिल्यांदाच त्या बाजूला बसले होते आणि त्यांना मुळीच आवडलं नाही. मग बाईंनी कोपर बघितलं. तिथे खवल्यांचा एक पांढुरका चट्टा होता. टेबलावर टेकून टेकून झालाय, असं काका इतके दिवस समजत होते. कानामागे, केसांच्या कडेलाही थोडं होतंच.

"बुरशी वाटत नाही. तरी नखाचा तुकडा तपासायला पाठवते म्हणजे खात्री होईल. हा सोरायसिस आहे, नखांत उतरलेला."

"कुणाला लागतो?" काकांनी विचारलं.

"नाही."

"हातात हात दिला तर?"

"कशानेच नाही. खुशाल हात मिळवा, खुशाल एका ताटात जेवा."

काकांनी तोच प्रश्न आणखी दोन तऱ्हांनी विचारून घेतला. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, तेव्हा त्यांचा डावा हात खिशातून आपोआप बाहेर आला.

"मुळातून कायमचा जाईल असं वचन मी देत नाही," बाई म्हणाल्या. "पण आटोक्यात ठेवता येतो आणि नख चांगलं येऊ शकतं. आता जे बिघडलंय ते दुरुस्त होत नसतं. मागून चांगलं येतं आणि ह्याला पुढे ढकलतं. सहा महिने धरा, अंगठ्याला थोडे जास्तच. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात का?"

"नाही."

"आखडायला लागले तर त्याच दिवशी यायचं. उद्या नाही."

'उद्या' हा शब्द ऐकून काका दचकले आणि त्यांची नजर खाली गेली. टेबलावर काच होती. काचेखाली एक केशरी पावती होती. उलटी दिसत होती, पण आपलं अक्षर माणूस उलटंही ओळखतो. पावतीवर काकांच्या हातची एक तारीख, ती खोडून दुसरी, ती खोडून तिसरी, आणि शेवटी जागा संपली म्हणून कोपऱ्यात कोंबलेलं 'उद्या'. छातीवर लावायच्या एका घड्याळाची, आठ महिन्यांपूर्वीची पावती होती ती.

एक चष्मेवाले, गरीब स्वभावाचे गृहस्थ दर शनिवारी दुकानात येऊन विचारायचे, "ते छातीवर लावायचं घड्याळ झालं का हो? घरचे विचारतात." ते घरचे म्हणजे ह्या!

"नखाला मार बसता कामा नये," बाई सांगत होत्या. "ह्या आजाराची खोडच अशी की जिथे मार बसतो तिथे तो जोर करतो. म्हणून विचारते, तुम्ही काम काय करता?"

काकांसमोर दोन वाटा होत्या. पण त्यांच्या डोक्यात नेमकं ते अंगुस्तान घोळत होतं.

"शिवणकाम," काका म्हणाले.

शेजारी काकूंनी तोंड उघडलं. काकांनी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. तोंड मिटलं, पण ते हिशेबाला लागलं.

"सुई अंगठ्यात टोचते?"

"अधूनमधून."

"मग माझं औषध चालू आहे तोवर सुई हातात धरायची नाही."

"नाही धरणार," काकांनी शपथेवर सांगितलं. आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे, हा शब्द त्यांनी अक्षरशः पाळला.

बाईंनी मलम दिलं. ते रोज नखाच्या मुळाशी, कातडीत जिरेल असं चोळायचं. सुटलेल्या नखाखाली सोडायला थेंब दिले. नखं बारीक कापायची, खाली काहीही घालून कोरायचं नाही, भांडी घासताना हातमोजे घालायचे. हे शेवटचं ऐकून काकू इतक्या हसल्या की बाईंना कळेना काय झालं. काकांनी आयुष्यात कप विसळला नव्हता.

रस्त्यात आल्यावर काकूंनी तोफ डागली. "पस्तीस वर्षं घड्याळजीशी संसार केला आणि उतारवयात नवरा शिंपी निघाला! मला आता दोन झंपर शिवून द्या."

"अगं, तिच्या काचेखाली माझीच आठ महिन्यांपूर्वीची पावती होती. घड्याळजी म्हटलं असतं तर तिने मलमाऐवजी विष दिलं असतं."

"घड्याळ दुरुस्त करून टाका की मग. आठ महिने झाले!"

इथेच घोडं अडलं होतं. ते घड्याळ लहानसं, जुनं, झाकणाची फट भलतीच अरुंद. त्याला धारदार, घट्ट बसलेलं नखच हवं. आणि ते आलं तेव्हापासून नेमकं काकांचं नख सुटायला लागलं होतं. दोनदा त्यांनी प्रयत्न केला, दोनदा डोळ्यांपुढे तारे चमकले. सुरी लावली असती तर पाच मिनिटांचं काम. पण गुरूंनी सांगितलं होतं ना. म्हणून आठ महिने ते घड्याळ खणात आणि 'उद्या' पावतीवर. हे काकांनी काकूंनाही सांगितलं नव्हतं. आळशी म्हणवून घेणं त्यांना चालत होतं, जमत नाही हे म्हणणं जड जात होतं.

बाईंच्या सहा महिन्यांचा अर्थही काकांनी स्वतःच्या पद्धतीने लावला. कारागीर वेळ सांगतो तेव्हा त्यातली निम्मी स्वतःच्या पदरात ठेवतो, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. म्हणजे तीन महिने. त्यांनी कॅलेंडरवर खूण केली आणि मनापासून मलम चोळायला लागले. दिवसभर मात्र त्याच अंगठ्याने बाकीच्या घड्याळांची झाकणं उघडणं चालूच होतं. दहा, बारा, कधी पंधरा. बाईंनी सुईला बंदी केली होती, झाकणाबद्दल त्या कुठे काय म्हणाल्या होत्या?

दुसऱ्या खेपेला तपासणीचा कागद आला होता. बुरशी नव्हतीच. बाई खूश होत्या. त्यांनी आपला पांढरा कोट काकांच्या पुढे धरला. "ह्याच्या बाह्या लांब आहेत, सारख्या मध्ये येतात. मशीनवरच करा हं, हाताने नाही."

काकांनी कोट घेतला. न घेऊन सांगतात कुणाला?

शेजारच्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी सगळी हकिकत ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती कमी करायच्या?"

"काय?"

"बाह्या, काका. माप घेतलंत ना?"

काकांनी माप घेतलं नव्हतं. मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि बाहीवर दुमडून दुमडून पडलेली जुनी घडी शोधून तिथे कात्री लावली. कोट तयार होऊन काकांच्या दुकानात खुंटीवर लटकला, आणि तो शनिवार होता हे काकांच्या लक्षात आलं तेव्हा चष्मेवाले गृहस्थ पायरी चढत होते. काकांना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी कोट अंगात घातला.

"झालं का हो ते?"

"उद्या," काका म्हणाले. बगलेत कोट उसवल्याचा आवाज आला.

"कोट नवीन दिसतोय."

"तेलाचे डाग पडतात ना."

"माझ्या बायकोकडेही अगदी असाच आहे," गृहस्थ म्हणाले, आणि घड्याळांकडे एक उदास नजर टाकून निघून गेले. मास्तरांनी बगल पुन्हा शिवली, तोंडाने बडबडत.

कोट बाईंना इतका नेमका बसला की पुढच्या खेपेला त्यांनी दवाखान्याचे पडदे दिले. "एवढी नखं खराब असताना टाके किती सुबक घालता हो!" काका विनयाने मान खाली घालून बसले. मास्तर मात्र वैतागले. "काका, तुमचा आजार लवकर बरा होऊ दे बाबा. नाहीतर त्या बाईंना खरं सांगून टाका. माझी स्वतःची गिऱ्हाइकं ताटकळलीत."

तीन महिने भरले त्या दिवशी काका सकाळीच दवाखान्यात जाऊन बसले. बाईंनी हात उजेडात धरला. डाव्या हाताची पाच आणि उजव्या हाताची चार, नऊ बोटांची नखं निम्म्यापर्यंत गुळगुळीत वर आली होती. खड्ड्यांचा भाग पुढे सरकत टोकाकडे चालला होता. काकांनाच ते बघून गंमत वाटली. आणि उजवा अंगठा जसा होता तसाच, किंबहुना जास्तच.

"नऊ बरी आणि एक नाही," बाई स्वतःशी म्हणाल्या. "औषध तेच, माणूस तोच." त्यांनी अंगठा भिंगाखाली धरला, सोडला, पुन्हा धरला. "माझंच काहीतरी चुकतंय, काका. मी परत वाचून बघते. पुढच्या आठवड्यात नखाच्या मुळाशी एक इंजेक्शन देऊ. दुखेल, पण उपयोग होतो."

इंजेक्शनाने काका हलले नसते. ते हलले 'माझंच चुकतंय' ह्याने. बाईंच्या कपाळावर आठी होती आणि ती खरी होती. काकांना तिथे बसवेना.

तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला, "सहाशे दोन, सहाशे तीन, सहाशे चार..."

"झालं आई! झालं मिनिट!" बाईंनी ओरडून सांगितलं. आवाज थांबला. बाई हसल्या. "आई नर्स होती. चाळीस वर्षं नाड्या मोजल्या. आता बाकीचं बरंचसं विसरली, ते तेवढं विसरली नाही. जो भेटेल त्याचं मनगट धरते. पण तिचं घड्याळ एका घड्याळजीकडे आहे, त्यामुळे मिनिट कधी संपलं ते तिला कळत नाही. मोजतच राहते. परवा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस तासभर हात देऊन बसला होता बिचारा."

"दुसरं घड्याळ..." काकांनी चाचरत विचारलं.

"तीन आणून दिली. ती म्हणते, ह्यांचं मिनिट खोटं आहे."

काका तडक दुकानात आले. दार अर्धं ओढून घेतलं आणि खणातून घड्याळ काढलं. छातीवर टाचायची पिन असलेलं, तबकडी उलटी लटकणारं, नर्सला मान खाली घातली की सरळ दिसावं म्हणून. आजपर्यंत काकांना ते एक अडलेलं काम वाटत होतं. आता त्यात एक म्हातारी सहाशे चारपर्यंत मोजत बसलेली दिसायला लागली. त्यांना स्वतःची लाज वाटली, साधीसुधी नाही, कानशिलं तापवणारी. आजच्या आज हे झालंच पाहिजे म्हणून त्यांनी नख फटीत घातलं आणि सगळा जोर लावून हिसका दिला.

टक् असा आवाज आला. पण झाकण जागच्या जागी होतं. नखच मधोमध तडकलं होतं.

काका कळवळले. शेजारून मास्तर धावत आले, त्यांनी चिंधी बांधली आणि एकदाही 'मी सांगत होतो' म्हणाले नाहीत. मास्तरांचा हा चांगुलपणा काकांना जन्मभर आठवणार होता.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे खरोखरच उद्या, काका दवाखान्यात गेले. त्यांनी चिंधी बांधलेला अंगठा बाईंसमोर धरला आणि दुसऱ्या हाताने घड्याळ काचेवर ठेवलं. बरोबर पावतीच्या वर.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग पावतीकडे. मग काकांकडे.

"म्हणजे ते 'उद्या' तुम्ही?"

"हो."

"आणि शिंपी?"

"तो माझ्या शेजारी आहे."

"माझा कोट?"

"त्यानेच केला."

"पडदे?"

"तेही. वैतागलाय तो."

आतापर्यंत गिऱ्हाइकांना पस्तीस वर्षं अंगठा दाखवला होता, पण असा नाही. काकांनी सगळं सांगून टाकलं. फट, नख, गुरू, ओरखडा, दिवसाची पंधरा झाकणं, आणि जमत नाही म्हणायची वाटलेली लाज. बाईंचा चेहरा आधी लाल झाला.

"तीन महिने मी पुस्तकं उलथीपालथी करतेय! सुई बंद केली तरी अंगठा का सुधारत नाही म्हणून! आणि तुम्ही ह्याच नखाने पत्रे उचकटताय? एकीकडून मलम चोळायचं आणि दुसरीकडून पहारीसारखं वापरायचं? अहो, माझ्यापाशी कसली लाज? मी दिवसभर लोकांनी लपवलेलंच बघत असते."

काका मान खाली घालून ऐकत राहिले. बाईंनी त्यांचा कागद ओढला, 'शिंपी' वर काट मारली आणि जोरात 'घड्याळजी' लिहिलं. लिहिता लिहिताच त्यांना हसू फुटलं. मग ते आवरेना. "पडदे," त्या म्हणायच्या आणि पुन्हा हसायच्या.

हसून झाल्यावर त्यांनी जखम धुतली, नखाचा सुटलेला भाग हळुवार कापून टाकला आणि पट्टी बांधली. "इंजेक्शन आज नाही. आधी हे भरू दे. आणि अंगठ्यापुरते सहा महिने आजपासून मोजायचे. मागचे तीन पाण्यात गेले. आता हे घड्याळ सुरीने उघडा."

"ओरखडा उठेल."

बाईंनी घड्याळ उलटं केलं. "काका, हे छातीवर टाचतात. पाठ कपड्याला लागलेली असते. चाळीस वर्षांत आईने ही बाजू पाहिली नसेल. ती काटा बघते."

पस्तीस वर्षांत गुरूंच्या शब्दाला कुणी इतकं साधं उत्तर दिलं नव्हतं.

त्याच दुपारी त्यांनी बाजारातून एक बोथट सुरी आणली. डोळे मिटावेसे वाटले पण मिटून चालणार नव्हतं. झाकण निघालं. कडेला नखभर ओरखडा उठला. काकांनी सवयीने गालाला हात लावून पाहिला, गाल शाबूत होता. आत तेल सुकून चिकट झालं होतं, दुसरं काही नाही. सगळे भाग धुऊन, पुसून, थेंबभर नवं तेल देऊन घड्याळ टिकटिकायला लागलं तेव्हा काकांनी बाकीच्या दीडशेंकडे पाहिलं. अकरा महिने अडलेलं काम दोन तासांत झालं होतं. ही गोष्ट त्यांनी काकूंना मात्र सांगितली नाही.

दोन दिवस चालवून, सेकंद न् सेकंद तपासून, शनिवारी ते गृहस्थ यायच्या आत काका स्वतः घड्याळ घेऊन निघाले.

डॉक्टरबाईंनी पडदा बाजूला केला. तोच, मास्तरांनी शिवलेला. आत खिडकीशी खुर्चीत एक किरकोळ अंगाची म्हातारी ताठ बसली होती. बाईंनी घड्याळ तिच्या छातीवर टाचलं. म्हातारीने मान खाली घातली, सेकंदकाट्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग वर बघून म्हणाली, "हे कोण?"

"घड्याळजी," बाई म्हणाल्या. काकांना तो शब्द फार बरा वाटला.

"हात," म्हातारी म्हणाली.

काकांनी डावा हात पुढे केला.

"दुसरा. ह्यावर तुमचं घड्याळ आहे, मध्ये येतं."

काका घुटमळले. उजव्या हाताला पट्टी होती, आणि बाकीच्या नखांच्या टोकांना खड्डे अजून होते. टेबलावरून बोटाने सरकवलेलं ते घड्याळ त्यांना आठवलं. त्यांनी हात अर्धवट पुढे केला तो म्हातारीने सरळ धरून स्वतःच्या मांडीवर घेतला. नखं पाहिली, उलटापालटा करून, निवांत.

"सोरायसिस. आमच्या वॉर्डात एक पेटी वाजवणारे होते, त्यांना होता. ते लपवायचे. मी म्हणायची, लपवून बरं होत असतं तर आम्हाला पगार कशाला देतील?"

मग तिने तीन बोटं काकांच्या मनगटावर टेकवली आणि दुसऱ्या हाताने त्यांचा पट्टीतला अंगठा अलगद मुठीत धरला, हलू नये म्हणून. खोलीत फक्त टिकटिक होती. काकांनी आयुष्यात कितीतरी घड्याळं चालू केली, पण त्यांतलं एखादं मिनिट असं पुरतं बसून घालवलं नव्हतं. किती दिवसांनी कुणीतरी त्यांचा हात असा धरला होता. काकूंनी धरला असता, पण काकांनीच तो खिशात ठेवला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा असूनही त्यांनी पुसले नाहीत.

दारात डॉक्टरबाई 'झालं आई' म्हणायला तोंड उघडून उभ्या होत्या. म्हणावं लागलं नाही. काटा फिरून वर आला आणि म्हातारी आपणहून थांबली.

"अठ्ठ्याऐंशी. जरा जास्त आहेत." तिने हात सोडला नाही. "पण एका दिवसावरून सांगता येत नाही. उद्या या."

काकांनीही हात काढून घेतला नाही.

"उद्या," ते म्हणाले, "नक्की ना?"